पदवी पाहावी, पदक पाहावे की सराव पाहावा?

वाचकाचे पत्र

आमची मुलींची माध्यमिक शाळा खानदेशातील एका तालुक्याच्या गावी आहे. शाळेत सॉफ्टबॉल सुरू करणारे आमचे क्रीडा शिक्षक गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या काळात आमचा १७ वर्षांखालील संघ दोनदा विभागीय स्पर्धेपर्यंत गेला होता. पद भरले जाईपर्यंत मानधनावर प्रशिक्षक नेमण्याचे संस्थेने ठरवले असून तीन अर्ज आले आहेत. पहिला अर्ज आमच्याच माजी विद्यार्थिनीचा आहे. ती २४ वर्षांची, कला शाखेची पदवीधर, पिचर (चेंडू टाकणारी खेळाडू) म्हणून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली आहे. प्रशिक्षणाची पदवी तिच्याकडे नाही. दुसरे अर्जदार बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातील पदवी) आहेत, कबड्डीचे खेळाडू आहेत, सॉफ्टबॉल कधी खेळलेले नाहीत. तिसरे शहरातील नावाजलेले क्रिकेट प्रशिक्षक असून त्यांच्या अर्जावर 'एन.आय.एस.' असे ठळक लिहिले आहे. एका वर्षात राज्यस्तर गाठून देतो, मात्र सरावाच्या वेळी पालक किंवा शिक्षक मैदानावर नकोत, असे ते म्हणतात. संस्थाचालकांचा कल तिसऱ्यांकडे, माझा दुसऱ्यांकडे आणि मुलींचा पहिलीकडे आहे. किमान पात्रता कोणती धरावी?
– एक मुख्याध्यापिका

उत्तर

मुख्याध्यापिका बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे कागदोपत्री उत्तर दोन ओळींत संपण्यासारखे आहे. शारीरिक शिक्षणाच्या पूर्णवेळ शिक्षकाकडे बी.पी.एड. असावे अशी अपेक्षा असते. मानधनावरच्या प्रशिक्षकाची निवड मात्र मुख्यतः संस्थेच्या तारतम्यावर सोडलेली असते. त्यामुळे तुमचे काम सोपे झाले असे समजू नका, कारण उद्या मैदानावर काही विपरीत घडले, तर 'उमेदवार नियमात बसत होते' एवढे सांगून तुम्हाला हात झटकता येणार नाहीत.

आधी प्रमाणपत्रे कशी वाचावीत ते सांगतो. बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात शरीररचना, व्यायामाचे शास्त्र, प्रथमोपचार, स्पर्धांचे आयोजन आणि अनेक खेळांची तोंडओळख असते. शाळकरी मुलांच्या वाढत्या शरीराला काय झेपते, याचा विचार करण्याची सवय ही पदवी लावते आणि तेच तिचे खरे मोल आहे. सॉफ्टबॉल शिकवण्याची हमी मात्र ती देत नाही. 'एन.आय.एस.' या अक्षरांनी संस्थाचालक लगेच भारावून जातात, हे मी अनेक मुलाखतींत पाहिले आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सुमारे वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम असतो आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. यांपैकी कोणताही पूर्ण करणारे आपल्या नावापुढे हीच तीन अक्षरे लावतात. शिवाय हे प्रशिक्षण एका विशिष्ट खेळाचे असते. तेव्हा तिसऱ्या अर्जदारांचा मूळ कागद मागवून त्यावरील खेळाचे नाव आणि कालावधी या दोन गोष्टी स्वतः वाचा. राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्राचेही तसेच आहे. शालेय राष्ट्रीय स्पर्धा वेगळी, संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा वेगळी. आणि कोणतीही खेळलेली असली, तरी त्यातून ती मुलगी उत्तम खेळते एवढेच सिद्ध होते. उत्तम पोहणाऱ्याला पोहायला शिकवता येतेच असे नाही, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.

क्रिकेटच्या प्रशिक्षकाला सॉफ्टबॉल सहज जमेल, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. चेंडूफळीचे खेळ म्हणून दोन्ही सारखे दिसतात, पण क्रिकेटमध्ये अंगवळणी पडलेल्या बऱ्याच गोष्टी इथे आधी विसराव्या लागतात. क्रिकेटमध्ये चेंडू टोलवल्यावर धावायचे की नाही हे फलंदाज ठरवतो. इथे योग्य क्षेत्रात चेंडू गेला की पळावेच लागते आणि मागच्या रनरमुळे (धावणाऱ्या खेळाडूमुळे) पुढच्या रनरला बेस, म्हणजे धावेचा टप्पा, सोडणे भाग पडते. त्यामुळे चेंडू कुठे फेकायचा, हे इनफिल्डमधल्या, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागातल्या, मुलीने तो हातात येण्यापूर्वीच ठरवलेले असावे लागते. चेंडू फेकण्याच्या हातात ग्लोव्ह नसतो, म्हणून झेल घेणे, चेंडू दुसऱ्या हातात घेणे आणि फेकणे ही एकच सलग हालचाल व्हावी लागते. मोठ्या मुलींसाठी पिचर आणि होम प्लेट (बॅटर उभी राहते ती जागा) यांच्यात ४३ फुटांचे, म्हणजे सुमारे १३ मीटरचे अंतर असते. ताशी ७५ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू तिथे सुमारे ०.६ सेकंदात पोहोचतो. तेवढ्या वेळात सरळ बॅटने 'ड्राइव्ह' मारायला निघालेली मुलगी बहुतेकदा हवेतच बॅट फिरवून परत येते.

म्हणून मुलाखतीत प्रत्येकाला दोन-तीन प्रश्न विचारा. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत, एकही बाद नाही आणि बॅटरने इनफिल्डमध्ये सोपा उंच झेल दिला, तर पंच काय जाहीर करतील व का? इनफिल्ड फ्लायच्या नियमाने झेल पकडला जाण्याआधीच बॅटर बाद ठरते, कारण तसे नसते तर खेळाडूंनी मुद्दाम झेल सोडून दोन रनर बाद केले असते. 'काय' हे पाठांतराने सांगता येते, 'का' सांगणाऱ्याला खेळ कळलेला असतो. पिचरच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वी रनरने बेस सोडला तर काय होते, आणि सुरुवातीच्या नऊंतली मुलगी बदली झाल्यावर पुन्हा मैदानात येऊ शकते का, हेही विचारून पाहा. कबड्डीच्या सरांना आज याची उत्तरे येणार नाहीत आणि त्यात गैर काही नाही. 'येत नाही, आठ दिवसांत वाचून सांगतो' असे ते म्हणाले, तर त्यांच्या नावापुढे अर्धा गुण माझ्याकडून लिहा. ठोकून उत्तर देणाऱ्याचा मात्र एक गुण कमी करा.

आता ज्या पात्रतेला मी सर्वांत वर ठेवतो, तिच्याकडे येतो. मुलीच्या अंगात अजून ताकद असताना, ती स्वतः 'अजून टाकते' म्हणत असताना आणि सामना हातातून निसटत असताना तिला थांबवण्याची हिंमत प्रशिक्षकात हवी. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात, त्यामुळे खांद्यावर ताण येत नाही, असे अनेक प्रशिक्षकही छातीठोकपणे सांगतात आणि ते चुकीचे आहे. पवनचक्कीसारखा पूर्ण फिरणारा हात थांबवताना खांद्याच्या पुढच्या बाजूवर आणि दंडाच्या स्नायूवर मोठा भार येतो. बेसबॉलमध्ये पिचर बदलत राहतात. आपल्या शाळांच्या संघात एकच पिचर असते, तिच्यावर अख्खी स्पर्धा निघते आणि एका दिवसात दोन-दोन सामने होतात.

हे मी पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्या संघात नववीतली एक अतिशय वेगवान पिचर होती. उपांत्य आणि अंतिम असे दोन्ही सामने एकाच दिवशी आले, दोन्ही तिनेच टाकले, आम्ही जिंकलो. पुढच्या आठवड्यातल्या स्पर्धेसाठी मी दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला पुन्हा सरावाला उभे केले. तिने तक्रार केली नाही. उलट हसत होती. चार दिवसांनी तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, 'सर, हिला हात मागे नेऊन वेणी घालता येत नाही, मीच घालून देते. हे खेळामुळं व्हतं का?' त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या मोसमात ती पुन्हा पिचिंग करू शकली नाही आणि पुढच्या वर्षी पहिल्या बेसवर खेळली. करंडक अजून त्या शाळेच्या कपाटात असेल. त्यानंतर मी एक वही ठेवू लागलो. कोणी, कोणत्या दिवशी, किती चेंडू टाकले हे त्यात मुलीच लिहीत असत. नववी-दहावीच्या मुलीला एका सामन्यात ८० चेंडूंच्या आसपास थांबवायचे आणि सलग तिसऱ्या दिवशी पिचिंग द्यायचे नाही, असा माझा दंडक होता. सरावातले चेंडूही मोजायचे, कारण खांद्याला सराव आणि सामना यांतला फरक कळत नाही. संघात निदान दोन, जमल्यास तीन पिचर तयार करणे हे प्रशिक्षकाचे पहिल्या महिन्याचे काम आहे. मुलाखतीत तिघांना एकच विचारा: 'तुमची मुख्य पिचर दुखतंय म्हणाली आणि अंतिम सामना उद्या आहे, तर काय कराल?' उत्तराआधी उमेदवार किती वेळ थांबतो, तेही पाहा.

प्रथमोपचार येत असावा, असे अर्जात सगळेच लिहितात. तुम्ही नेमके विचारा. चेंडू डोक्याला लागला आणि मुलगी क्षणभर गांगरली, तर ती दोन मिनिटांत ठीक दिसली तरी त्या दिवशी तिला खेळवायचे नाही आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मैदानावर घ्यायचे नाही. अमेरिकेत हा खेळ १८८७ साली शिकागोत जन्मला आणि तिथल्या हायस्कूलांमध्ये तो मुलींचा एक मुख्य खेळ आहे. त्याच देशातील वॉशिंग्टन राज्याने २००९ साली नेमका हाच नियम कायद्यात घातला. पुढे इतर राज्यांनीही तसे कायदे केले आणि प्रशिक्षकांना मेंदूच्या धक्क्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागू लागले. तुम्हाला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. शाळेच्या शिक्क्याने एका कागदावर हा नियम लिहा आणि प्रशिक्षकाची सही घ्या. दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला न धरता उचलून दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे, हे त्याला माहीत हवे. छातीवर चेंडू बसून मुलगी कोसळण्याचा प्रसंग अत्यंत विरळा असतो. पण तो आलाच, तर १०८ला फोन करायला एकाला पिटाळून दुसऱ्या क्षणाला छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देणारे हात तिथे असले पाहिजेत. हे हात एका दिवसाच्या प्रशिक्षणातून तयार होतात आणि जवळच्या रुग्णालयाला विनंती केली, तर ते बहुधा शाळेत येऊनही शिकवतात.

जाता जाता, तुमच्या कॅचरचा (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या मुलीचा) मास्क आणि पायांचे पॅड नेमणुकीआधी तपासून घ्या. शाळांमध्ये हे साहित्य दहा-दहा वर्षे दोऱ्यांनी बांधून चालवले जाते. सरावात पिचरचा हात मोकळा करून घेताना जो प्रशिक्षक कॅचरला मास्कशिवाय बसवतो, त्याची पदवी मी पाहतच नाही.

तुमचे तिसरे अर्जदार पालक आणि शिक्षक मैदानावर नकोत म्हणतात. ही अट ऐकून मी पत्राची घडी केली आणि थोडा वेळ बाजूला ठेवले. ते गृहस्थ सज्जन असतीलही; अनेक जुन्या प्रशिक्षकांना पालकांची लुडबुड खरोखरच सहन होत नाही आणि त्याला कारणेही असतात. परंतु १३ ते १६ वर्षांच्या मुली, एक प्रौढ आणि पाहणारे कोणी नाही, ही रचनाच शाळेने कधी मान्य करू नये, मग तो प्रौढ पुरुष असो की स्त्री. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२चा पॉक्सो कायदा तुम्ही जाणताच. गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीबाबत गप्प बसणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मानधनावरचा माणूसही पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीशिवाय मैदानावर येऊ नये. मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीच्या सदस्यांची त्याच्याशी आणि मुलींशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून द्यावी, १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक साहित्याच्या खोलीच्या दारावर लावावा. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर शिक्षिका गेलीच पाहिजे आणि प्रशिक्षकाने कोणत्याही मुलीला रात्री उशिरा एकटीला संदेश पाठवू नयेत, हेही नेमणूकपत्रात असावे. चूक झाली की मैदानाला दहा फेऱ्या, उशीर झाला की उन्हात उभे करणे, असल्या शिक्षांबद्दल त्यांची मते विचारून घ्या. शिक्षणहक्क कायद्याने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई केली आहे. दहावीतली मुलगी त्या वयापलीकडे गेली, म्हणून तिला अशा शिक्षा देण्याचे समर्थन होत नाही. शिवाय शिक्षा म्हणून पळायला लावलेल्या मुलीला पळण्याचाच तिटकारा येतो, आणि हा खेळ तर पळण्याचाच आहे.

मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकाला आणखी एका विषयावर न चाचरता बोलता आले पाहिजे. मासिक पाळीमुळे मुलगी सरावाला येत नाही, किंवा येते आणि बाजूला बसते. अशा वेळी 'बरं नाही का?' एवढे विचारून तिचा मान राखणारा माणूस हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी अर्ध्याहून अधिक जणींमध्ये रक्तक्षय आढळला होता. दुसऱ्या इनिंगमध्येच दमणारी मुलगी आळशी नसून तिचे हिमोग्लोबिन कमी असेल, हे ज्याला सुचते तो प्रशिक्षक मला चालेल. खानदेशच्या उन्हात सराव घ्यायचा म्हणजे पाण्याची वेळ घड्याळावर ठरलेली हवी, तहान लागण्यावर सोडलेली नको.

प्रवेशिका वेळेत भरणे, जन्मतारखेचे पुरावे, क्रीडा कार्यालयाशी पत्रव्यवहार, दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांचे प्रस्ताव ही कामे तुमचे कार्यालय प्रशिक्षकाला शिकवू शकते. वयाच्या दाखल्यांबाबत 'जमवून घेऊ' असे कोणी म्हणाले, तर मात्र मुलाखत तिथेच थांबवा.

तरीही निर्णय मुलाखतीवर सोडू नका. तिघांनाही एकेक संध्याकाळ द्या. आठवीतल्या, चेंडू कधीच न धरलेल्या बारा मुली आणि तुमच्या संघातल्या सहा मुली त्यांच्या हवाली करा व तासभर कडुलिंबाच्या सावलीत वही घेऊन बसा. बॅट फिरवणाऱ्या मुलींच्या मागे-पुढे मोकळी जागा राखली आहे का, हे पहिल्या पाच मिनिटांतच दिसेल. शाळेतल्या सॉफ्टबॉलच्या ज्या इजा मी पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच चेंडूच्या नव्हत्या, रांगेत उभ्या असलेल्या मुलीला बॅट लागल्याच्या होत्या. पिचिंग शिकवताना तुमची माजी विद्यार्थिनी आधी स्वतःचा वेग दाखवून 'असं टाक' म्हणते, की मुलीला दहा पावलांवर उभे करून फक्त मनगटाचा झटका, मग अर्धा फेरा आणि शेवटी पूर्ण फेरा अशा पायऱ्यांनी नेते, ते पाहा. स्लाइड, म्हणजे घसरत बेस गाठणे, शिकवायला कोणी टणक काळ्या जमिनीवर सुरुवात केली, तर त्याला थांबवा. ती आधी ओल्या गवतावर किंवा जुन्या गादीवर शिकवायची असते. आणि सर्वांत कच्ची मुलगी त्या तासात किती वेळा चेंडूला स्पर्श करते, ते मोजा. बारा मुली एका रांगेत उभ्या आणि एकच चेंडू फिरतो आहे, असे दिसले तर तो सराव नव्हे, हजेरी आहे.

माझे मत विचारलेच आहे, म्हणून सांगतो. त्या संध्याकाळी फार वेगळे काही दिसले नाही, तर मी तुमच्या माजी विद्यार्थिनीला नेमेन. खेळ तिला येतो आणि जे येत नाही ते एका वर्षात शिकण्यासारखे आहे. कबड्डीच्या सरांना नेमके खेळाचेच ज्ञान कमवावे लागेल आणि तुमच्या संघाकडे तेवढा वेळ नाही. सॉफ्टबॉल २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये परत येत आहे, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षे मुलींची गर्दी वाढण्याचीच शक्यता आहे. मात्र नेमणूक सहा महिन्यांची करा. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण पहिल्या महिन्यात, पिचिंगची वही पहिल्या दिवसापासून आणि सरावाच्या वेळी मैदानावर शाळेतील एक शिक्षिका, या तीन अटी लेखी घाला. तुमचे निवृत्त सर गावातच असतील, तर आठवड्यातून एकदा त्यांना मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून द्या. तिच्या चुका त्यांच्या नजरेतून सुटणार नाहीत आणि त्या कशा सांगायच्या, तेही त्यांना माहीत असेल. ती पदवीधर आहे, तेव्हा बी.पी.एड.ची राज्यस्तरीय प्रवेश परीक्षा देण्याचा आग्रह तिला आत्ताच करा. तिथे लेखी परीक्षेबरोबर मैदानावरचीही चाचणी असते आणि तिला ती जड जाणार नाही. कबड्डीच्या सरांचा अर्ज जपून ठेवा. पूर्णवेळ पद भरताना त्यांच्यासारखा माणूस लागेल आणि तुमच्या शाळेत कबड्डीचा संघ नाही, असे तुमच्या पत्रावरून वाटते.

तिसऱ्या अर्जदारांना नकार लेखी कळवा. संस्थाचालकांनी कारण विचारले, तर त्यांना तो मूळ कागद दाखवा आणि पालक मैदानावर नकोत, ही अट इतिवृत्तात शब्दशः लिहून त्याखाली सही करण्याची विनंती करा.